चौथ्या दिवसानंतर

लाल राहायला हवं होतं ते पिवळं झालं होतं. इनक्युबेटरचं दार उघडून ती तशीच उभी राहिली. आतली ऊबदार, दमट हवा चष्म्यावर साचली, काचा धुरकट झाल्या, आणि क्षणभर तिला वाटलं की रंगाचा घोटाळा त्या वाफेमुळेच झाला असेल. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वरच्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्यात, तिच्याच अक्षरातलं लेबल लावलेला फ्लास्क, आणि त्यातलं मीडियम पिकलेल्या लिंबासारखं पिवळं. मीडियम म्हणजे पेशींचं खाणंपिणं. ते मुळात लाल असतं. पेशी खातात, वाढतात, आपला आंबट कचरा त्यातच टाकतात, तसतसं ते नारिंगी होत पिवळ्यावर येतं. पिवळं म्हणजे आत कुणीतरी मजेत जेवतंय. आणि या फ्लास्कात जेवायला कुणी उरलेलंच नसायला हवं होतं, कारण यात तिने औषध घातलं होतं. चौथ्या दिवशी पेशी मोजायच्या, फोटो काढायचे आणि फ्लास्कातलं सगळं ब्लीचमध्ये ओतून टाकायचं, ही या लॅबची वर्षानुवर्षांची पद्धत. पण त्या आठवड्यात ती ताईबरोबर हॉस्पिटलमध्ये होती. आधी स्कॅन, मग पोटातून तुकडा काढणं, मग नुसतं बाकावर बसणं. चौथा दिवस येऊन गेला. तिचं लेबल असलेल्या वस्तूला लॅबमध्ये कुणी हात लावत नाही, म्हणून फ्लास्क तसाच राहिला. आज ती तो फेकायला म्हणून आली होती.

तिने फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मेलेल्या पेशी गोल होतात, काचेवरची पकड सोडतात आणि तरंगत राहतात, कपड्यांवरून झटकलेल्या धुळीसारख्या. तशा काही होत्याच. पण त्यांच्या खाली, काचेला घट्ट धरून, एकमेकींना खेटून, पेशींचं सबंध अंथरूण पसरलेलं होतं. पहिली शंका तिला जंतूंची आली. पण जंतू शिरले असते तर मीडियम गढूळ झालं असतं, आणि हे तर गाळून घेतल्यासारखं नितळ. मग दुसरी शंका आली आणि ती मात्र हलायला तयार होईना. या पेशी आपल्या नाहीतच.

लॅबमध्ये या पेशींना सगळे 'आजोबा' म्हणत. फार पूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या स्वादुपिंडातल्या गाठीतून त्या काढल्या होत्या. गृहस्थ त्याच वर्षी गेले. त्यांच्या पेशी गेल्या नाहीत. सकाळी आल्याआल्या कुणीतरी कुणालातरी विचारायचं, आजोबांना जेवायला घातलं का? नव्याने आलेल्या मुली आधी दचकायच्या आणि मग स्वतःच तसं म्हणायला लागायच्या. आजोबांचं वैशिष्ट्य तिनेच शोधून काढलेलं होतं. कोणतीही पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच जुने, मोडके भाग एका पिशवीत गोळा करते, ते मोडते आणि त्यावर दिवस काढते. अडीअडचणीला घरातलं जुनं फर्निचर जाळून स्वयंपाक करावा तसं. निरोगी पेशी हे कधीमधी करतात. आजोबा मात्र रात्रंदिवस तेच करत. गाठीच्या आत रक्त नीट पोचत नाही, बाहेरून काही मिळत नाही, तेव्हा स्वतःलाच खाऊन स्वतःला वाढवायचं, हा त्यांचा संसार. मग ती पिशवीच तयार होऊ दिली नाही तर? पिशवी अडवणारं औषध घातलं की आजोबा चार दिवसांत आकसून मरत. पुन्हा पुन्हा मरत. त्या मरण्यावर तिचे शोधनिबंध छापून आले, लॅब चालवणाऱ्या सरांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांतली एक आकृती चौकटीत लागली, आणि मोठ्या हॉस्पिटलात तसल्याच गाठींच्या रुग्णांवर ती गोळी वापरून पाहायची चाचणी सुरू झाली. ताईच्या पोटात निघाली ती गाठ नेमकी तसलीच होती. चाचणीबद्दल ताईला कुणी सांगितलं, तर हिनेच. त्यात जायचं तर नेहमीच्या दोन औषधांपैकी एक सोडून त्याच्या जागी ही गोळी घ्यावी लागणार होती. भाऊजी म्हणाले होते, आम्हाला त्यातलं काय कळतंय, तू सांगशील तसं. ताईने फक्त हिच्याकडे पाहिलं होतं, दुकानदार वजन करताना काट्याकडे पाहतात तसं.

आणि आता या फ्लास्कात हे. शेजारच्या बाकावर आणखी एका जातीच्या पेशी वाढवल्या जात. त्या दुसऱ्याच अवयवाच्या, दुसऱ्याच कर्करोगाच्या, आणि इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या की त्यांचं नाव 'टोळ' पडलं होतं. त्यांचा एक थेंब कुठे पडला तरी आठवड्याभरात सगळा फ्लास्क त्यांचा. म्हणूनच नियम होता की दोन जातींच्या बाटल्या एका वेळी उघडायच्या नाहीत, प्रत्येकीचं मीडियम वेगळं ठेवायचं. टोळांवर काम करणाऱ्या पोराला सगळे 'वादळ' म्हणत. तसा तो पोरगा राहिला नव्हता, कानशिलावर पांढरे केस आले होते, पण वागणं तसंच. एका हाताने झाकण उघडणार, दुसऱ्याने खिशातला फोन दाबणार, गाणं गुणगुणणार, आणि हे सगळं करताना काम मात्र दुपारपर्यंत संपवून मोकळा. तिला त्याचा वेग कधीच मानवला नव्हता. आता तिला तो आठवू लागला तो नुसता वेगातच. हूडच्या, म्हणजे जंतूविरहित हवेच्या कपाटाच्या, काचेमागे त्याचे हातमोजे घातलेले हात, समोर दोन बाटल्या, दोन्हींची झाकणं उलटी ठेवलेली. हे आपण खरंच पाहिलं होतं की आत्ता रचतो आहोत, हे तिला सांगता येईना. एकदा तिच्या मीडियमची बाटली तिने ठेवली होती त्यापेक्षा वेगळ्या जागी सापडली होती. तेव्हा तिने ती नुसती उचलून घेतली होती. आता ती नेमकी कुठे सापडली होती, ते ती आठवू लागली.

तिने त्याला विचारलंच. आडवळणाने विचारायचं ठरवून गेली होती, पण विचारलं ते सरळ. आजोबा आणि टोळ त्याने कधी एकदम उघडले होते का? वादळ लेबलं चिकटवत होता. ती चिकटवून होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "मॅडम, मी पसारा करतो. पाप नाही करत." तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्याचं गुणगुणणं बंद झालं, आणि ते बंद झाल्याचाही तिला संशय आला.

सरांनी ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले की ओळख-चाचणी करून टाक, मनाला चुटपुट नको. प्रत्येक माणसाच्या पेशींत जनुकांच्या काही ठिकाणी ठरावीक तुकडे ठरावीक वेळा येतात, ते तपासलं की पेशी कुणाची ते कळतं. तिने फ्लास्कातल्या पेशी पाठवल्या. उत्तर आलं: आजोबाच. अगदी तंतोतंत. त्या दिवशी ती पोटभर जेवली, नवऱ्याने सांगितलेल्या एका फालतू विनोदावर हसली. संध्याकाळी डबा विसळताना नळाचं पाणी डब्यातून वाहत राहिलं आणि तिचा हात थांबला. तंतोतंत जुळलं, पण कशाशी? तुलनेसाठी लॅबने जो नमुना ठेवला होता, तो लॅबच्याच गोठवलेल्या कुपीतून काढलेला होता, आणि ती कुपी भरली होती आजोबा या लॅबमध्ये आल्यावर दोन-तीन वर्षांनी. त्याच्या आधीच टोळ शिरले असतील तर? मग कुपीतही टोळ, फ्लास्कातही टोळ, आणि दोघे एकमेकांची ओळख छान पटवून देणार. आरशाला साक्षीला बोलावल्यासारखं. टोळांचा स्वतःचा नमुना कुणी कधी ठेवलाच नव्हता, ते विकत आणले होते म्हणून, आणि आता बाकावर आहेत ते तरी अजून टोळच आहेत, हे कोण सांगणार? इतकी शिकलेली माणसं, इतकी वर्षं, आणि एकालाही हे खटकू नये? तिलाही खटकलं नव्हतं. नवरा म्हणाला, काय झालं, पाणी वाया जातंय. तिने नळ बंद केला आणि मग दोनदा वळून पाहिलं, बंद झालाय ना. नवरा म्हणाला, तू ताईसारखी व्हायला लागलीस.

ताई लहानपणापासूनच तशी. दूध पेल्यात ओतण्याआधी वास घेणार, कडी लावल्यावर दार एकदा ओढून बघणार, कुणी फार गोड बोललं की त्याच्या पायांकडे पाहणार. बाबा आजारी पडले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी दोघींना सांगितलं होतं की पोटात साधा व्रण आहे, पथ्य केलं की बरा होईल. धाकटीने विश्वास ठेवला आणि मनापासून पथ्य पाळायला लावलं, बाबांच्या ताटातलं तिखट बाजूला काढून ठेवू लागली. ताईला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पुढे खूप वर्षांनी तिने सांगितलं की कसं. काका आणि बाबा, ज्यांचं एकमेकांशी एका वाक्यात दोनदा वाजायचं, ते भांडेनासे झाले होते. आई त्यांच्या चुकीच्या हिशेबाला हो म्हणू लागली होती. "जिवंत माणसाशी लोक भांडतात," ताई म्हणाली होती. त्या वाक्यानंतर धाकटी पेशींच्या अभ्यासाकडे वळली असं म्हणणं खोटं होईल. पण ज्या वस्तू खोटं बोलू शकत नाहीत अशांच्यात राहावं, असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं, आणि काचेखालच्या पेशी तशा वाटल्या होत्या.

आता खरी तुलना एकाच गोष्टीशी होऊ शकत होती. त्या म्हाताऱ्या गृहस्थाची गाठ काढली तेव्हा तिचा तुकडा मेणात घालून हॉस्पिटलच्या तळघरात ठेवलेला असणार. तशी पद्धत असते. ते ठोकळे वर्षानुवर्षं राहतात. परवानगी मिळवायला सरांची सही लागली. सही करताना सर म्हणाले की एका फ्लास्कावरून केवढा डोंगर, आणि मग थोडं थांबून, हे सध्या आपल्यातच राहू दे, पक्कं होईपर्यंत. बरोबरच होतं ते. कुठलाही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. पण ज्याला लपवायचं आहे तोही नेमकं हेच म्हणेल, हे तिच्या मनातून जाईना. दोन्ही माणसांचे शब्द सारखेच असणार, आवाजही सारखाच असणार. मग ओळखायचं कशावरून?

ठोकळा सापडायला वेळ लागणार होता. ती हॉस्पिटलच्या लांब मार्गिकेत, पाण्याच्या यंत्राशेजारी उभी होती, आणि समोरून ताई आली. सोबत कुणी नाही, हातात कापडी पिशवी, रक्त काढलेल्या हातावर कापसाचा बोळा दाबून धरलेला. दोघीही थबकल्या.

"तू इथे कशी? माझ्याशिवाय?" ताईने विचारलं.

कामाला आले होते, असं ती म्हणाली. ते खरं होतं आणि घशातून खोट्यासारखं बाहेर पडलं. ताईने यंत्रातून पाणी घेतलं, घोट घोट प्यायली, आणि मग सहज सांगावं तसं सांगू लागली की तिने गोळीच्या चाचणीत जायचं जवळजवळ ठरवलंय, डॉक्टर सोमवारी शेवटचं विचारणार आहेत, भाऊजींनी तर ऑफिसात रजाही टाकलीय. धाकटी म्हणाली की छान. ताईने पेला चुरगाळून टाकला. "परवा मी तुला म्हटलं, तुझा नवा कुर्ता पडद्याच्या कापडाचा दिसतो. तू म्हणालीस, हो गं. हल्ली भांडत नाहीस तू माझ्याशी." ती हसायला गेली तर ताई पुढे म्हणाली, "एक विचारू? मी तुझी बहीण म्हणून तिथे जातेय, की तुझ्या बाटलीतली म्हणून?"

तिने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना. काहीतरी लांबलचक, समजावणीच्या सुरातलं दिलं असणार, कारण ताई मधूनच चालू लागली होती. घरी जाताना बसमध्ये खिडकीच्या काचेला डोकं टेकून ती तो प्रश्न पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत राहिली आणि प्रत्येक वेळी उत्तर आधीच तयार असायचं, हीच गोष्ट तिला संशयास्पद वाटली. अर्थात बहीण म्हणून. अर्थात. पण ताईचा रिपोर्ट पहिल्यांदा वाचला तेव्हा गाठ कुठल्या प्रकारची आहे ते वाचून भीती वाटायच्या आधी, अगदी निमिषभर, डोक्यात काय लखलखलं होतं? आपलीच. आपल्याच प्रकारची. तो प्रकाश भीतीचा होता असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

ठोकळ्याचं उत्तर आलं ते शुक्रवारी. म्हातारे गृहस्थ, कुपी आणि पिवळा फ्लास्क, तिन्ही एकच. टोळ कुठेही नव्हते, कधीच नव्हते. ती वादळाकडे गेली आणि माझी चूक झाली म्हणाली. तो म्हणाला, "असू दे मॅडम. आता मशीननेच सांगितलं म्हटल्यावर." त्या शब्दांत राग नव्हता, हेच लागलं. पण तिथे उभं राहायला तिला वेळ नव्हता, कारण आता जास्त वाईट गोष्ट समोर आली होती. पेशी परक्या असत्या तर एक चूक सापडली असती, आणि चूक दुरुस्त करता येते. या परक्या नव्हत्या. हे आजोबाच होते, आणि औषधात बसून जेवत होते.

शंका आली तेव्हाच तिने नवे फ्लास्क लावले होते. या वेळी चौथ्या दिवशी एकही ओतला नाही. नेहमीप्रमाणे बहुतेक पेशी मेल्या, मीडियम लाल राहिलं, आणि मग पुढे काही दिवसांनी एकेक फ्लास्क नारिंगी व्हायला लागला. सगळेच. आता ठोकळ्याचं उत्तर हातात आल्यावर तिने त्यांतल्या एकात चमकणारा रंग लावलेलं प्रथिन सोडलं आणि अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसली. पेशी आतून हिरव्या ठिपक्यांनी भरत होत्या. त्यांच्या कडा हलत होत्या, दुमडत होत्या, ओठांसारख्या बाहेर येऊन आजूबाजूचं पाणी घोटाघोटाने आत घेत होत्या, आणि त्या पाण्यात जे काही असेल ते पचवत होत्या. घरचं जाळायला बंदी झाली म्हणून त्या बाहेरचं ओढायला शिकल्या होत्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हजारांत एखादीला आधीपासूनच थोडं येत असेल, बाकीच्या मेल्या आणि तिची लेकरं उरली. इतकी वर्षं चौथ्या दिवशी ब्लीच ओतून आपण त्यांच्या मरणाचे फोटो काढत होतो, आणि त्या फोटोंत ती एक कुठेतरी होतीच. कदाचित सरांच्या भिंतीवरच्या चौकटीतही. पडद्याच्या उजेडात बसल्याबसल्या तिला हेही दिसलं की पुढचा रस्ता इथूनच जातो. घोट घेणंही अडवलं, दोन्ही दारं एकदम लावली, तर कदाचित मग त्यांना जागा उरणार नाही. तसं अडवणारी रसायनं होती. वर्षभराचं काम होतं, दोन वर्षांचं. सुंदर काम होतं. सुंदर हा शब्द मनात आला तशी ती दचकली आणि खुर्ची मागे सरकवून उठली.

सरांनी फोटो पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हणाले की डॉक्टरांना कळवायला हवं, मीच कळवतो, पण त्यांच्या समितीचा निर्णय होईपर्यंत चाचणी चालूच राहील, आणि काचेतलं सगळं माणसात होतंच असं नाही. हे सगळं खरं होतं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले की बहिणीला सांगायचं की नाही हे तू ठरव, मी काही म्हणणार नाही. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की त्यांचा आवाज थकलेला होता, लबाड नव्हता, आणि आपण इतके दिवस त्यांच्या आवाजात नक्की काय ऐकत होतो ते आता तिचं तिलाच कळेना.

रविवारी दुपारी ती ताईकडे गेली. भाऊजी औषधाच्या दुकानात गेले होते. ताई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात बसून घड्या घालत होती, तिची मनगटं बारीक झाली होती आणि बांगडीच्या जागी रबरबँड होता. धाकटीने सगळं सांगितलं. फ्लास्क, वादळ, मेणाचा ठोकळा, हॉस्पिटलमधलं ते अर्धं खोटं, हिरवे ठिपके. सोप्या शब्दांत सांगितलं आणि कुठेही मऊ केलं नाही. गोळी कदाचित गाठ आधी लहान करेल. मग जी उरेल ती हुशार असेल. नेहमीची दोन औषधंही काही फार मोठी आशा नाहीत, पण ती माहितीतली आहेत, आणि त्यांतलं एक सोडून द्यावं असं आता ती छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

ताईने एका उशीच्या अभ्र्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "नसतं सांगितलंस तर मला कळलं असतं?"

"नाही."

"आणि मी गेले असते गोळीवर, तर तुला कळलं असतं? खऱ्या माणसात तसंच होतं का ते?"

खोलीत बाजूच्या घरातल्या मिक्सरचा आवाज येत होता. तो थांबल्यावर ती म्हणाली, "हो. काचेत बघून नाही कळत ते. एखाद्यात बघितल्याशिवाय."

ताईने मान हलवली, गिऱ्हाइकाने खरा भाव ऐकल्यावर हलवावी तशी. टॉवेल उचलला, त्याची टोकं जुळवली. मग म्हणाली की ती नेहमीचीच औषधं घेणार, दोन्ही. भाऊजींना आज रात्री सांगेल, डॉक्टरांना उद्या. ते ऐकताच धाकटीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, इतकं एकदम की डोळे भरून आले. पण त्या सुटकेच्या तळाशी दुसरंही काही होतं, बारीक, थंड, काचेला घट्ट धरून बसलेलं. तिने ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मान खाली घातली, ढिगातला एक मोजा उचलला, त्याचा जोडीदार शोधू लागली.

"पडला ना चेहरा?" ताई म्हणाली. "थोडासा."

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. ताई वाट पाहत होती, टॉवेल तसाच अर्धवट दुमडून, रागावली नव्हती, हसतही नव्हती.

"थोडासा," ती म्हणाली.

ताईने टॉवेलची घडी पुरी केली. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि ढिगाचा अर्धा भाग तिच्याकडे सरकवला. "उद्या दहाला माझ्याबरोबर चल. यांना सुई बघवत नाही. आणि तो पडद्याचा कुर्ता घालून येऊ नकोस."

"मी तोच घालणार," धाकटी म्हणाली.